पाठीवर फुल्ली-गोळा असलेलं क्रोशाचं कासव: आधी खेळ, मग प्राणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षांच्या भाचीसाठी क्रोशाचं असं कासव करायचंय, ज्याच्या पाठीवर फुल्ली-गोळा खेळता येईल आणि सोंगट्या त्याच्या पोटातच राहतील. एकदा करून पाहिलं, पण पाठ फुगून घुमटासारखी झाली, सोंगट्या घरंगळायला लागल्या आणि रेषा तिरक्या गेल्या. भाचीचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे, तो सगळं तोंडात घालतो. नीट जमलं तर पुढे अशी कासवं विकायचाही विचार आहे.

तुम्ही सुरुवात कासवापासून केलीत, तिथेच गाडी अडली. इंटरनेटवरचा तयार पॅटर्न घेऊन कासव करायचं आणि वरून चार रेषा ओढायच्या, असं केलं की पाठ कासवाच्या सोयीची होते, खेळाच्या सोयीची होत नाही. ज्या खेळण्यात खरोखर खेळायचं आहे, त्यात आधी सोंगटी करावी. सोंगटीवरून घर किती मोठं ते ठरतं, घरावरून पाठ ठरते आणि पाठीवरून कासव. मी शिकवतानाही हाच क्रम धरते आणि तुम्हालाही तोच सांगते.

सामान आधी सांगून टाकते. पाच पदरी मिल्क कॉटन नावाचा सुती दोरा, सगळे रंग मिळून दोनशे ते अडीचशे ग्रॅम हाताशी असू द्या. ॲक्रिलिक लोकर स्वस्त पडते, पण तिला तूस सुटतं आणि ती ताणली जाते. खेळाच्या पटाला ताण अजिबात चालत नाही, म्हणून सुतीच घ्या. क्रोशाची सुई अडीच किंवा तीन मिलिमीटरची. दोऱ्याच्या लेबलवर याहून मोठी सुई लिहिलेली असू शकते. ती कपड्यांसाठी असते. भरलेल्या खेळण्याची वीण घट्ट लागते, नाहीतर आतलं फायबर टाक्यांतून डोकावतं आणि मूल ते ओढून काढतं. याशिवाय मुंडी-पायांत भरायला पॉलिएस्टर फायबर, पाठीसाठी वॅडिंगची, म्हणजे सपाट दाबलेल्या फायबरची, शीट आणि एक लांब दाभण. वॅडिंग आणि दाभण कशाला, ते पुढे येईलच.

टाका सगळीकडे एकच आहे, मुका खांब. अमेरिकी पॅटर्नमध्ये याला सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्यालाच डबल क्रोशे म्हणतात, त्यामुळे व्हिडिओ बघताना बाई कुठली आहे ते आधी बघा.

आता सोंगटी. मॅजिक रिंगमध्ये (दोरा ओढून बंद करता येणाऱ्या सुरुवातीच्या फासात) 6 मुके खांब, पुढच्या फेरीत 12, मग 18, मग 24. एवढीच चकती. अशा दोन चकत्या उलट बाजू आत ठेवून एकमेकींवर ठेवा आणि दोन्हींच्या टाक्यांतून एकत्र सुई घालत कडेनं मुक्या खांबाची एक फेरी घाला. ही कड वळवताना प्रत्येक चौथ्या टाक्यात दोन खांब घातले तर सोंगटी आत वळत नाही. बहुतेक हातांना ती पाच सेंटिमीटरच्या आसपास भरते. तुमचा हात घट्ट असेल तर साडेचार येईल. हरकत नाही, पण मोजून लिहून ठेवा, कारण पुढची सगळी मापं या आकड्यावर चालणार आहेत. सोंगटीत फायबर भरू नका. भरलेली सोंगटी गोल होते आणि गडगडते. दोन चकत्यांची जाडी पुरेशी असते.

अशा दहा सोंगट्या लागतील. फुल्ली-गोळ्याला पहिल्याच्या पाच आणि दुसऱ्याच्या चार लागतात, पण प्रत्येक डावात पहिला कोण हे बदलतं, म्हणून दोघांच्या पाच-पाच. पाच सोंगट्यांची वरची चकती पिवळी आणि पाचांची निळी करा. लाल-हिरव्याची जोडी टाळा. काही मुलांना या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही आणि चौथ्या वर्षी ते घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. खालची चकती मात्र दहाही सोंगट्यांची एकाच रंगाची, समजा सायीच्या रंगाची, आणि कडसुद्धा सगळ्यांची सायीचीच. कडेचं मी मुद्दाम सांगतेय. पिवळ्या सोंगटीला पिवळी कड घातली की ती पालथी ठेवली तरी ओळखू येते, आणि मग या सोंगट्यांचा दुसरा खेळ हातचा जातो.

तो दुसरा खेळ जोड्या लावण्याचा. पिवळ्या पाच चकत्यांवर पाच चित्रं भरा: मासा, पान, चांदणी, थेंब, शंख. निळ्या पाचांवर हीच पाच चित्रं परत. एकेरी दोऱ्यानं साखळी टाक्याची बाह्यरेषा पुरते. चार जोड्या निवडायच्या, पाठीवरच्या मधल्या घराला सोडून आठ घरांत पालथ्या ठेवायच्या आणि एका वेळी दोन उलटून बघायच्या. चार वर्षांच्या मुलीला फुल्ली-गोळ्यापेक्षा हाच खेळ आधी रुचतो असा माझा अनुभव आहे, कारण यात ती मोठ्या माणसाला खरोखर हरवू शकते. चित्रं दोन चकत्या जोडण्याआधीच भरा, म्हणजे गाठी आत लपतात.

आता पाठ, म्हणजे पट. पाच सेंटिमीटरची सोंगटी सहा सेंटिमीटरच्या घरात सुटसुटीत बसते. तीन घरं म्हणजे अठरा सेंटिमीटर. पण इथे बरेच जण अठराचा चौकोन गोल पाठीत बसवायला जातात, आणि त्यासाठी पाठ पंचवीस सेंटिमीटरच्याही पुढे न्यावी लागते. चौकोन काढूच नका. फुल्ली-गोळ्याला बाहेरची चौकट लागत नाही, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा पुरतात. कोपऱ्यातल्या घरांना बाहेरून पाठीची गोल कडच मिळते. असं केलं की बावीस सेंटिमीटरच्या पाठीत सगळं बसतं. सोंगटी लहान-मोठी झाली असेल तर तिच्या व्यासाच्या साडेचार पट पाठ धरा.

चकतीचा हिशोब सोपा आहे: प्रत्येक फेरीत सहा टाके वाढतात, म्हणजे बाविसाव्या फेरीला 132 टाके. टाका साधारण पाच मिलिमीटरचा असेल तर 22 फेऱ्यांत बावीस सेंटिमीटर होतात. दहा फेऱ्या झाल्यावर मोजा. दहा सेंटिमीटर आले तर ठीक, नाहीतर फेऱ्या कमी-जास्त करा. वाढवायचे टाके दर फेरीत एकाखाली एक आले की चकतीला सहा कोपरे पडतात. ते टाळायला एकाआड एका फेरीत वाढीची जागा सरकवा. उदाहरणार्थ, सहाव्या फेरीत ‘चार टाके, मग एकात दोन’ असा क्रम असेल, तर सुरुवातीला फक्त दोन टाके घेऊन वाढवा, पुढे नेहमीसारखं जा आणि शेवटी राहिलेले दोन टाके घाला. चकती वाटीसारखी वर उचलली जात असेल तर हात घट्ट आहे, झालरीसारखी लहरत असेल तर सैल आहे. अर्धा मिलिमीटर मोठी किंवा लहान सुई घेऊन बघा.

तुमच्या रेषा तिरक्या का गेल्या, ते आता सांगते. गोल विणताना फेऱ्या न जोडता सलग गेलं की प्रत्येक फेरीचा टाका खालच्या टाक्यावर बरोब्बर बसत नाही, थोडा बाजूला सरकतो. टाके मोजून रेषा काढायला गेलं की ती टाक्यांबरोबर सरकत जाते. म्हणून इथे टाके मोजायचेच नाहीत. चकती टेबलावर सपाट ठेवा, मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरवर पट्टी धरा आणि दुसऱ्या रंगाच्या शिवणाच्या दोऱ्यानं धावदोरा घाला. चारही धावदोरे पडले की लांबून बघा, पटलं की मग त्यांच्यावरून सायीच्या दोऱ्यानं पृष्ठभागावरची साखळी घाला: दोरा चकतीखाली, सुई वरून आत, दोरा वर ओढून आधीच्या फासातून काढायचा. हात सैल ठेवा, नाहीतर रेषेशी कापड चुण्या घेतं. धावदोरा शेवटी उसवून टाका. पाठीचा रंग गडद असू द्या, गडद हिरवा किंवा तपकिरी, म्हणजे सायीच्या रेषा आणि पालथ्या सोंगट्या दोन्ही उठून दिसतात.

खऱ्या कासवाच्या पाठीवर मोठे खवले बहुधा तेरा असतात, मधे पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार. आपण नऊ घरांवर भागवतोय. भाचीनं मोजले तर तिला खरं सांगा; मुलांना असली माहिती फार आवडते. आणि ती कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघून आलेली असेल, तर पायांऐवजी वल्ह्यासारखे चपटे हात करा आणि पाठ हिरवट राखाडी घ्या. मी खाली जमिनीवरच्या कासवाचं सांगतेय.

पाठ फुगण्याचा इलाज हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सुटं फायबर चकतीखाली भरलं की ते मधे गोळा होतं, त्याला दुसरं काही करताच येत नाही. पाठीत सुटं फायबर घालूच नका. वॅडिंगच्या शीटचे बावीस सेंटिमीटरचे दोन-तीन गोल कापा, खाली तेवढीच दुसरी विणलेली चकती घ्या आणि कडेनं मुक्या खांबानं बंद करा. ही पाठीची चपटी उशी झाली. आता दाभणात दुहेरी सुती दोरा घ्या आणि गादीवाला गादीला जसे टाके मारतो, तसे नऊ टाके मारा. टाके रेषांच्या छेदावर मारायचे नाहीत, प्रत्येक घराच्या मध्यावर मारायचे. छेदावर टाका मारला की घर फुगतं आणि सोंगटी उतरणीला लागते. घराच्या मध्यावर मारला की तिथे उथळ खळगा पडतो, रेषा आपोआप किंचित वर येतात आणि सोंगटी खळग्यात बसून राहते. कासव गाडीत मांडीवर असलं तरी डाव विस्कटत नाही. दोरा खाली ओढताना एकाच टाक्यावर जोर देऊ नका, दोन-तीन टाक्यांच्या रुंदीवर फिरवून घ्या, म्हणजे वीण कापली जाणार नाही. खोली अर्धा-पाऊण सेंटिमीटर पुरे.

या कामात दाभण, टाचण्या, सुया सगळ्या वापरल्या जातात. सुरू करताना मोजून घ्या आणि उशी बंद करण्याआधी परत मोजा. वॅडिंगमध्ये अडकलेली टाचणी बाहेरून हाताला लागत नाही.

वेल्क्रो लावू का, असं तुम्ही विचारलं नाहीये, पण पुढे तोच मोह होईल. वेल्क्रोची काटेरी बाजू सुती विणीला ओरबाडते, थोड्या दिवसांत पट केसाळ होतो. आणि लोहचुंबक तर कधीच नको, कितीही लहान असो, कितीही घट्ट शिवलेला असो. शिवण उसवून दोन चुंबक पोटात गेले की आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वळणांतून ते एकमेकांना चिकटतात आणि मधलं आतडं चेपून त्याला भोक पडू शकतं. ही शस्त्रक्रियेची वेळ असते. सुती सोंगटी सुती पटावर खळग्यात तशीही सरकत नाही, चुंबकाची गरजच पडत नाही.

पोट म्हणजे दुसरी चपटी उशी, वीस फेऱ्यांची, फिकट रंगाची. पोट पिशवीसारखं पोकळ ठेवलं तर सोंगट्या बाहेर काढताच ते बसतं आणि पट कलतो. दोन्ही उश्या भरीव असल्या की सोंगट्या त्यांच्यामधे राहतात आणि त्या काढल्यावर पाठ पोटावर सपाट टेकते. पाच सेंटिमीटरच्या दहा सोंगट्या मधे एकाच थरात मावतात. त्या बाजूनं निसटू नयेत म्हणून पोटाच्या कडेवर, टाक्याच्या फक्त मागच्या फासात, मुक्या खांबाच्या तीन फेऱ्यांची उभी कड उचला. पाठ आणि पोट मानेपाशी बारा-पंधरा टाके एकत्र शिवायचे, तीच बिजागरी. शेपटीच्या बाजूनं पाठ उघडते.

बंद करायला बटण नको, चेन नको. शेपटी हेच बटण. 6, 12, 18 असं वाढवून तीन फेऱ्या सरळ, मग परत 9 पर्यंत घटवून फायबर ठासून भरलेला गोळा पोटाच्या मागच्या कडेला पक्का शिवा. पाठीच्या कडेवर दहा-बारा साखळ्यांचा फास करून त्यावर मुके खांब भरा. फास शेपटीवरून ओढून घालायचा. चार वर्षांच्या मुलीला हे स्वतःचं स्वतः जमतं, आणि उघड-बंद करण्यातच तिचा निम्मा खेळ होतो. फास एवढाच आखूड असावा. लांब दोऱ्या, गळ्यात अडकतील असे लूप खेळण्याला लावू नयेत.

मुंडीसाठी 36 टाक्यांपर्यंत वाढवा, सहा फेऱ्या सरळ, मग 18 वर आणा आणि पुढे पाच-सहा फेऱ्या मानेच्या. घटवताना दोन टाक्यांचे फक्त पुढचे फास एकत्र घ्या, भोक दिसत नाही. मूल कासवाला मुंडीला धरूनच फरपटत नेणार, हे गृहीत धरा. म्हणून मानेचं तोंड बंद न करता उघडंच ठेवून पोटाच्या दोन्ही थरांतून अठराच्या अठरा टाके शिवा, आणि एकदा फिरून आलात की दुसऱ्यांदा फिरा. पाय 18 टाक्यांचे, पाच फेऱ्या सरळ, कमी भरलेले. ते पोटाखाली लावले तर पट डुगडुगतो. पोटाच्या कडेला बाहेरच्या बाजूनं, जमिनीला टेकतील असे शिवा.

डोळे काळ्या दोऱ्यानं भरायचे. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे सेफ्टी आय मागून चकतीनं अडकवलेले असतात, पण विणलेलं कापड ताणलं की टाक्याचं भोक मोठं होतं आणि अख्खा डोळा चकतीसकट बाहेर येऊ शकतो. तुमच्या घरी दीड वर्षाचं पोर आहे, तिथे हा प्रश्नच नको.

त्या पोराबद्दल आणखी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी गुदमरण्याचा धोका तपासायला एक ठरलेलं नळकांडं असतं, त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती लहान मुलाला द्यायची नाही. आपली पाच सेंटिमीटरची सोंगटी सपाट असताना त्यात जात नाही, पण ती मऊ आहे, घडी घातली की जाते. म्हणून मापावर विसंबू नका. भाऊ जागा असताना सोंगट्या पोटात आणि फास शेपटीवर, किंवा सोंगट्या सरळ कपाटात. नुसतं कासव त्याला मिठीत घ्यायला द्या, त्यात सुटं काहीच नाही. सोंगट्यांऐवजी चिंचोके, मणी किंवा पोटात खुळखुळा म्हणून राजगिरा-तांदूळ घालायचं कुणी सुचवेल. चिंचोके आणि मणी नाकात जातात. धान्याला कीड लागते आणि खेळणं धुता येत नाही.

खेळाचं वयही बघा. चौथ्या वर्षी जोड्या आणि साधा फुल्ली-गोळा. सात-आठ वर्षांची झाली की मुलांना कळतं की दोघं नीट खेळले तर फुल्ली-गोळा बरोबरीतच सुटतो, आणि पट कोपऱ्यात पडतो. तेव्हा तिला दुसरा नियम द्या: दोघांना तीन-तीनच सोंगट्या, आळीपाळीनं मांडायच्या, आणि सगळ्या मांडून झाल्या की एक-एक सोंगटी शेजारच्या रिकाम्या घरात सरकवायची, तीन एका ओळीत येईपर्यंत. पहिल्याच खेपेला मधल्या घरात बसायला बंदी ठेवा, कारण तिथे बसणाऱ्याचं पारडं लगेच जड होतं. हा नवकंकरीचा, म्हणजे नऊ-नऊ सोंगट्यांच्या जुन्या खेळाचा, धाकटा भाऊ. नवकंकरीचे पट आपल्याकडे जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या दगडांत कोरलेले सापडतात, पुढच्या सहलीत तिला दाखवता येतील.

विक्रीचं म्हणाल तर भाचीसाठी करणं आणि विकण्यासाठी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा 2020 चा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना त्यानुसार भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह लागतं, आणि सुरक्षेचं मूळ मानक आयएस 9873 हे आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. त्यामुळे पहिली ऑर्डर घेण्याआधी कारागीर म्हणून नोंदणीची चौकशी करा. आणि सूट मिळाली तरी डोळे भरलेलेच, चुंबक नाहीच. प्रत्येक कासवासोबत ‘सोंगट्या तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत’ अशी मराठीत चिठ्ठी जोडा. किंमत लावताना लोक दोऱ्याचे पैसे धरतात आणि हाताचे विसरतात. दहा सोंगट्या म्हणजे वीस चकत्या, ते तास आधी मोजा.

धुण्याचं शेवटी. विणायला बसण्याआधी प्रत्येक रंगाचा थोडा दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. निळा आणि गडद हिरवा बऱ्याचदा रंग सोडतात, आणि सोडला तर सायीच्या रेषा गेल्याच. कासव कोमट पाण्यात सौम्य साबणानं हातानं दाबून धुवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून पाणी काढा. नऊ टाक्यांच्या खळग्यांखाली ओल जास्त वेळ राहते, म्हणून पाठ उघडी टाकून, पट खाली करून, सावलीत वाऱ्यावर वाळवा आणि अधूनमधून पलटा. पावसाळ्यात अख्खं कासव धुवू नका. सोंगट्या तेवढ्या धुवा, त्या पंख्याखाली रात्रीत वाळतात.